खसखशीखालचे सत्तावीस पदर

कोपनहेगनच्या क्रिस्तियान्सहाव्न भागात पिवळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांची एक इमारत आहे. थराथरांच्या केकसारखी दिसते म्हणून लोकांनी तिला ‘लाउकेहूसेट’ म्हणजे ‘थरांच्या केकचं घर’ असं नाव ठेवलं. तिथल्या बेकरीनेही तेच नाव घेतलं. आज या बेकरीच्या शाखा डेन्मार्कभर आहेत, आणि लंडनमध्ये ती ‘ओले अँड स्टीन’ या नावाने भेटते. शाखा वाढल्या की चव उतरते, अशी आपली पक्की समजूत असते. ती तपासून पाहायला इथे एकच पदार्थ पुरतो: तेबिर्केस.

कपाटात नजर आधी जाते ती दालचिनीच्या गोल वेटोळ्यावर, नाहीतर चारही कोपरे मध्ये दुमडून पोटात कस्टर्ड भरलेल्या स्पांडाउरवर. दोन्ही छान लागतात. पण त्यांच्यावर पांढऱ्या साखरेचा जाड ओघळ असतो, आणि त्याखाली कारागिराचं बरंच काही खपून जातं. तेबिर्केसला ती सोय नाही. लांबट चौकोनी घडी आणि वर फक्त खसखस. ही खसखस आपल्या स्वयंपाकघरातली पांढरी नव्हे, निळसर काळी. शिवाय चिमूटभर भुरभुरलेली नाही, अंग दिसू नये इतकी दाट. भट्टीत तिला शेंगदाण्याच्या जवळ जाणारा खमंगपणा येतो आणि घास तोडताना ती दाताखाली बारीक कुरकुरते. एवढ्या साध्या सजावटीतून एवढा आवाज काढणं ही मोठीच नजाकत.

आता सुरीने आडवा छेद घ्या आणि चावण्याआधी कडेकडे नीट बघा. चिरोटे करणाऱ्या हाताला ही कड लगेच ओळखीची वाटेल. आपण पोळ्यांवर साटा फासतो आणि मगच त्यांची गुंडाळी करतो. इथे साट्याच्या जागी लोण्याची अख्खी गार लादी असते. अंडं घातलेल्या पिठात ती लपेटायची, लाटायची, तिची तीन पदरी घडी घालायची, थंड जागी विसावू द्यायची. आणि हे सगळं तीन वेळा. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस: लोण्याचे तेवढे पदर झाले. लोणी सैल पडलं तर पिठात मुरतं आणि पाव होतो. फार कडक राहिलं तर लाटताना त्याचे तुकडे पडून पदर फाटतात. लोणी आणि पीठ, दोघांचा मऊपणा सारखा हवा. मग भट्टीत लोण्यातल्या पाण्याची वाफ होते, ती प्रत्येक पदर वर उचलते आणि स्निग्धांश त्यांना पुन्हा चिकटू देत नाही. चांगल्या तेबिर्केसच्या छेदात या पोकळ्या आडव्या, बारीक आणि टोकापर्यंत पोचलेल्या दिसतात. कोपऱ्यातलाही पदर सुटलेला आहे! शिस्तीलाही सौंदर्य असतं ते असं. (ही विद्या मुळात डेन्मार्कची नव्हे. 1850च्या सुमारास बेकरी कामगारांचा संप झाला, तेव्हा मालकांनी बाहेरून कारागीर आणले. त्यांतल्या ऑस्ट्रियन मंडळींनी ती इथे रुजवली.)

घडीच्या आत रेमॉन्से असतं, म्हणजे लोणी, साखर आणि बदामाचा मार्झिपान एकत्र फेटून केलेलं सारण. त्याची गोडी पुढे पुढे करत नाही. भाजताना त्यातलं थोडं पाझरून तळाशी येतं, ताटाला लागतं आणि काचेसारखं तांबूस होतं. जाणकार गिऱ्हाईक तेबिर्केस उलटा करून आधी हा तळ पाहतं. किंचित कडवटपणाकडे झुकलेला तो खरपूस पापुद्रा काही अपघाताने जमत नाही. भट्टीतून एक मिनिट आधी काढण्याचा मोह आवरलेला असतो, तेव्हा तो जमतो.

सोबत कॉफी. डेन्मार्कमधली मंडळी दिवसभर कॉफी पितात, आणि पितात ती बहुधा फिल्टरची, काळी. आपल्या दाट, दुधाळ फिल्टर कॉफीशी तिचं नातं नावापुरतंच. बिया हलक्या भाजलेल्या असल्या तर तिच्यात लिंबाच्या सालीसारखा आंबटसर कडूपणा येतो. नुसती प्यायली तर मला ती जरा रोडकीच वाटते. पण लोण्याने भरलेल्या घासावर तिचा घोट घ्या: जिभेवरचा तुपकट थर धुऊन निघतो, बदाम पुन्हा वर येतो. दूध घातलं की हा हिशेब बिघडतो, कारण मग स्निग्धावर स्निग्ध बसतं. काळ्या कॉफीबरोबर मात्र चौथा घासही पहिल्याइतकाच खमंग लागतो.