गोलेम, पुरावा आणि न्याय : ज्यू लोकपरंपरेवर आधारित हेरकथेचा विचार

प्रास्ताविक

हेरकथा हा बुद्धिवादी युगाचा वाङ्मयप्रकार मानला जातो. गुन्ह्यामागे मानवी हेतू असतो व तो पुराव्याच्या आधारे शोधता येतो, हे तिचे गृहीतक होय. अद्भुतिका मात्र कार्यकारणाच्या नेहमीच्या चौकटीबाहेरील शक्तींचे अस्तित्व मान्य करते. त्यामुळे आधुनिक नगरात घडणारी आणि ज्यू लोककथा व गूढवाद यांचा आधार घेणारी हेरकथा सकृद्दर्शनी विसंगत वाटते. तीतील गोलेम, कब्बाला किंवा मशीहा ही केवळ वातावरणनिर्मितीची साधने आहेत, असा समज होणेही शक्य आहे. प्रस्तुत लेखात या समजाची चिकित्सा करावयाची आहे. या परंपरेतील उत्तम कथांत चमत्कार पुराव्याची जागा घेत नाही, आणि त्याचे कारण ऐतिहासिक आहे, असे येथील प्रतिपादन आहे.

गोलेम : पहारेकरी आणि साक्षीदार

मंत्राक्षरांनी सजीव केलेला मातीचा मनुष्य म्हणजे गोलेम. प्रागचे विद्वान रब्बी यहुदा लोव्ह (मृत्यू १६०९) यांच्याशी त्याची कथा जोडली गेली ती एकोणिसाव्या शतकात. तिला आजचे प्रचलित रूप दिले पोलंडमधील रब्बी युडल रोझेनबर्ग यांनी. १९०९ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला ग्रंथ रब्बी लोव्ह यांच्या जावयाच्या जुन्या हस्तलिखितावर आधारलेला असल्याचा दावा होता. प्रत्यक्षात ती रोझेनबर्ग यांचीच निर्मिती होती. पुढे १९१३ मध्ये त्यांनी कॉनन डॉयल यांच्या एका कथेचेही रूपांतर केले. म्हणजे ज्याला आपण प्राचीन दंतकथा समजतो, तिच्या आधुनिक रूपावर हेरकथा जाणणाऱ्या लेखकाचा हात फिरला आहे.

रोझेनबर्ग यांचा गोलेम सूडासाठी जन्मलेला नाही. वल्हांडण सणासाठी ज्यू लोक ख्रिस्ती मुलांचा वध करतात, हा खोटा रक्तारोप युरोपात शतकानुशतके चालत आला होता. १८८३ मध्ये हंगेरीत, १८९९ मध्ये बोहेमियात या आरोपावरून खटले झाले. १९०३ च्या किशिनेव्ह येथील हत्याकांडापूर्वीही हीच अफवा पसरविण्यात आली होती. रोझेनबर्ग यांच्या कथांत गोलेम हमालाच्या वेषात रात्री ज्यू वस्तीभोवती पहारा देतो. बालकाचे प्रेत गुपचूप वस्तीत आणून टाकणाऱ्यास तो मुद्देमालासह पकडतो. येथे अद्भुताचे कार्य पुरावा हाती आणून देण्याचे आहे. निवाडा न्यायासनानेच करावयाचा आहे. ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर दोनच वर्षांनी, १९११ मध्ये, कीव्ह येथे मेंडेल बेलिस यांना याच आरोपावरून अटक झाली आणि १९१३ मध्ये त्यांची निर्दोष मुक्तता झाली. ज्या समाजावर सामूहिक आरोप लादला जातो, त्याच्यासाठी पुरावा हा जीवनमरणाचा प्रश्न असतो. लोककथेच्या एका रूपात गोलेमच्या कपाळावरील ‘एमेत’, म्हणजे सत्य, या शब्दातील आद्याक्षर पुसताच ‘मेत’, म्हणजे मृत, हा शब्द उरतो. ही अक्षरक्रीडा या दृष्टीने अर्थपूर्ण ठरते.

गूढवादाचा सापळा

बोर्हेस यांच्या १९४२ मधील ‘मृत्यू आणि होकायंत्र’ या कथेत हाच संबंध उलट बाजूने तपासला आहे. एका तालमूद-पंडिताचा खून होतो. चोर नीलमण्यांच्या शोधात चुकून भलत्याच खोलीत शिरला असावा, हा पोलिस अधिकारी ट्रेव्हिरानस यांचा साधा तर्क खरा असतो. लोनरोट या हेराला मात्र तो नीरस वाटतो. त्याला खुनाचे स्पष्टीकरण रब्बींच्या ग्रंथांतच हवे असते. ईश्वरनामाच्या चार अक्षरांचा माग काढीत तो गुन्हेगाराने त्याच्याचसाठी रचलेल्या सापळ्यात जातो आणि प्राणास मुकतो. येथे दोष कब्बालाचा नाही. परक्या परंपरेकडे केवळ आकर्षक कोडे म्हणून पाहणाऱ्या बुद्धीचा तो दोष आहे. हा इशारा समीक्षकांनाही लागू पडतो.

मायकेल शेबन यांच्या ‘द यिडिश पोलिसमेन्स युनियन’ (२००७) या कादंबरीत अलास्कातील सिटका येथे ज्यू निर्वासितांची तात्पुरती वसाहत कल्पिलेली आहे. ज्याला अनेकजण आपल्या पिढीतील संभाव्य मशीहा मानीत होते, त्या व्यसनाधीन मेंडेल श्पिलमनचा खून होतो. मशीहाच्या आगमनाची घाई झालेले लोक जेरुसलेममध्ये विध्वंस घडवून आणतात. अश्रद्ध पोलिस मेयर लँड्समन मात्र वरिष्ठांचा विरोध पत्करून एका उपेक्षित मृताचा शोध घेत राहतो. मशीहाची कल्पना येथे खोटी ठरविलेली नाही. तिच्या नावाने माणसाला साधन बनविण्यास नकार दिलेला आहे.

या तुलनेत जोनाथन व जेसी केलरमन यांची ‘द गोलेम ऑफ हॉलीवुड’ (२०१४) ही कादंबरी उणी वाटते. रब्बीपुत्र हेर जेकब लेव्ह याला एका छिन्न शिराजवळ ‘न्याय’ हा हिब्रू शब्द कोरलेला आढळतो. मृत व्यक्ती स्वतःच स्त्रियांची मारेकरी होती, हे पुढे उघड होते. प्रारंभ प्रभावी आहे. परंतु अलौकिक शक्ती परस्पर शिक्षा करून मोकळी झाल्याने तपासाचे नैतिक मोल घटते. रोझेनबर्ग यांचा गोलेम आरोपीला न्यायासनापुढे आणीत होता. येथे न्यायासनाची गरजच उरत नाही.

निष्कर्ष

या प्रकारातील कृतींचे मूल्यमापन करताना लोकपरंपरेचे घटक किती आले, हा निकष अपुरा आहे. अद्भुत हे सत्यशोधनाला साहाय्यक ठरते की त्याला पर्याय बनते, हा प्रश्न विचारावयास हवा. रक्तारोपाच्या इतिहासात पुराव्यावाचून ठरविलेला ‘न्याय’ नेहमीच निरपराधांवर कोसळला आहे. ज्या कथेला या इतिहासाचे भान आहे, तिच्यातील चमत्कारही पुराव्याची मर्यादा पाळतो, आणि तेच तिचे सामर्थ्य होय.