अद्भुताचा आस्वाद

अद्भुतरम्य कादंबऱ्यांत रमणे म्हणजे बुद्धीस रजा देणे, असे मानणाऱ्यांशी आमचा मतभेद आहे. आपल्या विवाहविषयक कल्पनांमुळे हिंदूंच्या आयुष्यात मनोरंजक असे थोडेच घडते, म्हणून अद्भुताची कास धरावी लागते, असा रिसबुडांचा ‘मंजुघोषे’च्या (१८६८) प्रस्तावनेतील अभिप्राय आहे. जेथे लग्ने वडीलधारी मंडळीच ठरवीत, तेथे प्रीतीस मोकळीक मिळाली ती अद्भुतातच.

अंबाजोगाईची आख्यायिकाच पाहा. योगेश्वरीचा परळीच्या वैजनाथाशी विवाह ठरला, मुहूर्त टळला आणि वऱ्हाडाच्या शिळा झाल्या. ऐकणारा शिळांविषयी शंका काढीत बसत नाही. हुकलेल्या मीलनाची हुरहूर त्यास पटते. कादंबरीसही हीच कसोटी लावावी. नायिका मानवी असो वा यक्षिणी, तिची ओढ खरी असेल तर वाचकाने निःसंकोच रमावे. ती खोटी असेल तर वास्तवाचा पेहरावही व्यर्थ होय.