खिडकीबाहेरचे गाणे

कलावंताच्या प्रेरणेविषयी आपण बोलू लागलो की विचार करण्याऐवजी बहुधा एखादी गोष्ट सांगतो. गोष्ट सांगणे सोपे असते, ऐकणाऱ्यालाही ती आवडते. ८ एप्रिल २०२४ रोजी कुमार गंधर्वांच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने ठिकठिकाणी जी भाषणे झाली, त्यांतही एक गोष्ट वारंवार कानी आली. क्षयाने अंथरुणाला खिळलेला तरुण गायक, गाण्याची बंदी, देवासचे लहानसे घर, त्या घराची खिडकी आणि खिडकीखालून गात जाणाऱ्या माळवी स्त्रिया. ते सूर ऐकता ऐकता त्याला नवे संगीत गवसले, असा तिचा शेवट.

ही गोष्ट खोटी नाही. पण ती दोन ठिकाणी आपली दिशाभूल करते. एक म्हणजे, तिच्यात कुमारांचे काम दिसत नाही, केवळ त्यांचे भाग्य दिसते. दुसरे म्हणजे, त्या खिडकीच्या आसपास आणखीही अनेक खिडक्या होत्या, ही गैरसोयीची बाब ती झाकते. दुसरा मुद्दा आपल्यासारख्या, पिढ्यान्पिढ्या महाराष्ट्राबाहेर नांदलेल्या मराठी घरांना अधिक लागू आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम कुमारांच्या वाटचालीकडे पाहू. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी यांचा जन्म बेळगावजवळच्या सुळेभावीचा. घर कानडी बोलणारे. अगदी लहान वयात या मुलाने अब्दुल करीम खाँ, फैयाज खाँ, वझेबुवा अशा थोरांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या जशाच्या तशा गाऊन दाखविण्यास सुरुवात केली. 'कुमार गंधर्व' ही पदवी त्याला बालपणीच मिळाली. १९३६ मध्ये मुंबईच्या संगीत परिषदेत हा मुलगा गायला आणि मोठमोठे गवई चकित झाले. पुढे प्रा. बी. आर. देवधरांकडे त्याचे रीतसर शिक्षण झाले. गोमंतकाशी नाते सांगणाऱ्या अंजनीबाई मालपेकरांचेही मार्गदर्शन त्याला लाभले.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. ज्या मुलाला वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षीच सर्वांचे गाणे गाता येते, त्याच्यापुढे एक बिकट प्रश्न उभा राहतो. या सर्वांत माझे कोणते? देवधरांची शाळा कोणत्याही एका घराण्याच्या चौकटीत कोंडलेली नव्हती, त्यामुळे हा प्रश्न बुजला नाही, उलट अधिक टोकदार झाला. म्हणजे कुमारांच्या शोधाचे मूळ आजारपणाच्या आधीचे आहे. आजाराने त्यांना प्रश्न दिला नाही. प्रश्न घेऊनच ते आजारी पडले.

१९४८ च्या आरंभी, डॉक्टरांनी कोरडी हवा सुचविल्यामुळे, कुमार पत्नी भानुमतींसह देवासला आले. पुढची सुमारे पाच वर्षे गाणे बंद होते. भानुमतींनी शाळेत शिकवून संसार सांभाळला आणि रुग्णाची शुश्रूषाही केली. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध तेव्हा नुकतेच मिळू लागले होते, त्याने जीव वाचला. १९५३ च्या सुमारास कुमार पुन्हा मैफलीत बसले. या पाच वर्षांत त्यांनी काय केले, याचे उत्तर 'ऐकले' एवढेच देऊन भागत नाही. ते धुना लक्षात ठेवीत, त्यांचे स्वरलेखन करीत, एकच धून निरनिराळ्या तोंडून ऐकून पडताळून पाहत. बरे वाटू लागल्यावर तर ते धुनांच्या मागावर हिंडले. खिडकीइतकेच महत्त्व त्या स्वरलेखनाच्या वहीला द्यावयास हवे. पण वहीची गोष्ट कोणी रंगवून सांगत नाही.

या वहीतून काय निष्पन्न झाले? सामान्य समजूत अशी की कुमारांनी लोकगीते घेतली आणि शास्त्रीय संगीतात मिसळली. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेला 'अनूपरागविलास' हा त्यांच्या बंदिशींचा संग्रह ज्याने चाळला असेल, त्याला ही समजूत टिकणारी नाही हे कळेल. माळवी धून ही बहुधा चार-पाच स्वरांत फिरते. तिचा जीव एखाद्या वळणात असतो. कुठे एखादा स्वर लागता लागता मागे फिरतो, कुठे अपेक्षित ठिकाणी न थांबता गाणे भलत्याच स्वरावर विसावते. कुमार त्या वळणाकडे पाहत. या वळणात विस्ताराला जागा आहे काय? ते आपल्या परिचित रागात आधीच येऊन गेले आहे काय? येऊन गेले असेल तर ते सोडून देत. नवे असेल, आणि वाढविल्यावरही आपली ओळख न हरवता टिकत असेल, तरच तेथे राग उभा राही. संजारी, मालवती, लगनगंधार, सहेली तोडी हे 'धुनउगम' राग असे सिद्ध झाले. ऐकलेल्या धुनांच्या मानाने ते मोजकेच आहेत. हे मोजकेपण मला फार बोलके वाटते. भारावलेला मनुष्य इतके सोडून देत नाही. इतके सोडून देतो तो पारखी.

या कामातून त्यांच्या हाती जे लागले ते रागांच्या संख्येपेक्षा मोठे होते. राग हे स्वरांची आकडेमोड करून बनत नाहीत, ते लोकांच्या कंठात आधी असतात आणि मग शास्त्र त्यांना ओळखते, अशी त्यांची धारणा झाली. त्यामुळे भूप किंवा तोडी गातानाही ते त्या रागाकडे पाठ केलेला नियम म्हणून न पाहता, कधीकाळी कोणाच्या तरी तोंडी असलेली चाल म्हणून पाहू लागले. त्यांच्या परिचित रागांतही जो ताजेपणा जाणवतो, तो माझ्या मते येथून आलेला आहे.

त्यांच्या गायकीतील तुटक वाटणाऱ्या लहान फेकींविषयी असेच एक सोपे उत्तर रूढ आहे. एक फुप्फुस निकामी झाले, दम कमी पडला, म्हणून फेकी लहान झाल्या. शरीराची मर्यादा होती यात शंका नाही. परंतु दम कमी पडलेला गायक जेथे दम संपतो तेथे थांबतो. कुमार जेथे थांबतात तेथे बंदिशीतील शब्दाचा अर्थ थांबलेला असतो, किंवा पुढच्या स्वराची वाट पाहावयास लावणारा क्षण असतो. त्यांची निर्गुण भजने याला साक्ष आहेत. देवासला शीलनाथांची धुनी आहे, नाथपंथी जोग्यांची ये-जा आहे. त्या गायनातील खुला, फेकलेला आवाज आणि मधली निःशब्दता कुमारांनी उचलली. ती निःशब्दता अडचणीतून आली असेल, पण गाण्यात ती अडचण म्हणून उरलेली नाही.

आता त्या दुसऱ्या खिडक्यांकडे वळतो. देवास हे पवारांचे संस्थान, थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्यांचे. मराठी घरे तेथे आणि शेजारच्या इंदुरात दोन शतकांहून अधिक काळ राहत होती. गाण्याची चाडही होती. रजब अली खाँसाहेबांसारखा गवई देवासचाच. माझे बालपण याच परिसरातील एका जुन्या वाड्यात गेले. दिवाणखान्यात ग्रामोफोन होता, गणेशोत्सवात कीर्तने होत, नाट्यपदे घरातल्या सर्वांना पाठ होती. मागच्या अंगणात धान्य निवडणाऱ्या, पाखडणाऱ्या बायका गात असत. पितृपंधरवड्यात त्यांच्या मुली भिंतीवर शेणाने संजा मांडीत आणि रोज संध्याकाळी तिची गाणी म्हणत. काही दिवसांनी आमच्या घरच्या मुली पाटावर हत्ती काढून भोंडल्याचा फेर धरीत. दोन्ही खेळ मुलींचे, दोन्हींत सासर-माहेर, दोन्हींतील चालीही लांबच्या नातलग वाटाव्यात अशा. परंतु मधला दरवाजा ओलांडून कोणी कोणाचे गाणे ऐकल्याचे मला आठवत नाही. घरातील वडीलधारी माणसे खाँसाहेबांच्या आठवणी सांगताना गहिवरत, आणि अंगणातून आवाज चढला की "जरा हळू" म्हणत. त्या बायकांपैकी एकीचेही नाव आज मला सांगता येत नाही. आम्ही सगळ्यांनाच 'बाई' म्हणत असू.

हे कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. ते संस्कार माझेही होते. पण जे गाणे दोनशे वर्षे आपल्या अंगणात होते, ते कानडी घरात जन्मलेल्या आणि मुंबईत शिकलेल्या एका आजारी पाहुण्याला ऐकू आले, ही वस्तुस्थिती आहे. आपण परप्रांतात आपली भाषा, सण आणि नाटके जतन केली, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. मात्र जतन करण्याच्या त्या काळजीत आपला कान घराच्या आतल्या बाजूसच वळलेला राहिला काय, असा प्रश्न कुमारांचे गाणे आपल्याला विचारते.

आणि त्यांनी आपलेही ऐकलेच. ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबे हे याच मध्य भारतातील मराठी कवी. 'तांबे गीत रजनी' या कार्यक्रमातून कुमारांनी त्यांच्या कविता नव्याने गायल्या. 'मला उमजलेले बालगंधर्व'मध्ये त्यांनी नाट्यपदांकडेही त्याच शोधक वृत्तीने पाहिले. एका बाजूस माळवी धून, दुसऱ्या बाजूस तांबे. एकाचा स्वीकार करण्यासाठी दुसऱ्याला सोडावे लागते, असे त्यांना कधी वाटले नाही.

कुमारांचे सारेच प्रयोग सारख्याच योग्यतेचे आहेत असे मला म्हणावयाचे नाही. विषय ठरवून बांधलेल्या त्यांच्या काही कार्यक्रमांत योजना गाण्याच्या पुढे चालते. धुनउगम रागांपैकी बरेचसे त्यांच्या शिष्यपरिवाराबाहेर क्वचितच गायले जातात. ज्या वळणावर ते राग उभे आहेत ते वळण कुमारांच्याच गळ्यात पूर्ण उमटत होते, असे त्याचे कारण असू शकेल. विलंबित ख्यालाची सावकाश बढत ऐकण्याची ज्यांना सवय आहे, त्यांची त्यांच्याविषयीची तक्रारही सर्वस्वी निराधार नाही. पण ही तक्रारसुद्धा कामाविषयीची आहे, आणि कलावंताशी बोलावयाचे ते त्याच्या कामाविषयीच. खिडकीच्या गोष्टीशी असे भांडता येत नाही, तिला केवळ मान डोलवता येते.

१२ जानेवारी १९९२ रोजी कुमार देवासला निवर्तले. त्यांची ध्वनिमुद्रणे आज सहज उपलब्ध आहेत. वाचकांना माझी एवढीच विनंती आहे की, मालवती किंवा लगनगंधार ऐकण्यापूर्वी एखाद्या माळवी घरी जाऊन लग्नातली बन्ना-बन्नीची किंवा दिवाळीतली हीडाची गाणी ऐकावीत, आणि मग तो राग लावावा. बडोदे, हैदराबाद, बेळगाव येथील वाचकांच्या अंगणातील गाणी वेगळी असतील. आपल्या मंडळाने तेथील वृद्ध स्त्रियांकडून ती ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचे काम हाती घेतले, तर ते या शताब्दीला शोभेल. करताना प्रत्येक गाण्यापुढे गाणाऱ्या बाईचे नाव मात्र तिला विचारून अवश्य लिहावे.