थेट दिसते, पण कळते काय?

डिसेंबरातल्या एका सकाळी अकराच्या सुमारास, शिरूर तालुक्यातील निमोणे येथे, मुलांना घेऊन आम्ही वर्गातल्या पडद्यावर पक्ष्यांचा वेबकॅम लावला. अमेरिकेत इथाका येथे कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीशास्त्र प्रयोगशाळेने दाण्याच्या पेट्यांवर रोखलेला हा कॅमेरा बराच प्रसिद्ध आहे. पडदा जवळजवळ काळाच दिसला. "लाईट गेली," एक मुलगा म्हणाला. लाईट गेली नव्हती. तिथे रात्रीचे साडेबारा वाजले होते.

वर्गात वापरण्याचे साधन म्हणून वेबकॅमची पारख करावी, या हेतूने आम्ही बसलो होतो. पहिला गुण त्याला या काळ्या पडद्याबद्दलच द्यावा लागेल. रेखांश आणि वेळ यांचा धडा फळ्यावर कितीही समजावला तरी मुलांच्या मनात असा उतरत नाही. मग आम्ही नामिबियाच्या वाळवंटातील एका पाणवठ्याचा कॅमेरा लावला. तिथे सकाळचे साडेसात झाले होते. त्यानंतर न्यूझीलंडमधील टायारोआ हेड येथील अल्बट्रॉसचे घरटे पाहिले. तिथे संध्याकाळचे साडेसहा, आणि तरीही लख्ख ऊन! आमच्या अंगावर स्वेटर आणि तिथे भर उन्हाळा. पृथ्वीचा कललेला आस यापेक्षा सोप्या रीतीने कसा दाखवणार?

दुसरा गुण सबुरीचा. वन्यजीवांवरच्या चित्रपटात दर दहा सेकंदांनी काहीतरी घडते. वेबकॅमवर अल्बट्रॉस अंडे उबवत बसला की बसलाच. त्याला सुमारे अकरा आठवडे लागतात. मुले कंटाळली, हे खरे. पण निसर्गात बराचसा वेळ 'काही न घडण्याचा' असतो, हेही त्यांना त्यातूनच कळले.

आता दोष. कॅमेरा जिथे लावला तेवढेच आपल्याला दिसते, आणि तो लावतात तो जनावर हमखास येईल तिथे: दाण्यापाशी, पाण्यापाशी, घरट्यापाशी. दाणे न खाणारा पक्षी त्या चौकटीत फिरकतच नाही. तासभर पाहिल्यावर एका मुलीने वहीत लिहिले, 'पक्षी दिवसभर खातात.' तिचे निरीक्षण अचूक आहे. निष्कर्ष मात्र कॅमेऱ्याच्या जागेने ठरवला. इथाकाच्या पेटीवर येणारा चिकडी हा चिमणीहून लहान पक्षी हिवाळ्याच्या रात्री शरीराचे तापमान सुमारे दहा अंशांनी उतरवून ऊर्जा वाचवतो. दिवसा लपवलेल्या दाण्यांच्या जागाही तो लक्षात ठेवतो. थंडीत जगण्याचे खरे नाट्य हेच, आणि ते चौकटीबाहेर घडते.

शिवाय 'थेट' या शब्दावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. अलास्कातील कटमाई उद्यानात मासे पकडणारी अस्वले पाहायला जगभर गर्दी असते. पण हिवाळ्यात ती अस्वले बिळात झोपलेली असतात. जानेवारीत अस्वल धबधब्यात उभे दिसले, तर ते चित्रण जुने आहे, हे मुलांनी स्वतः ओळखायला हवे.

सर्वांत मोठा दोष असा की वेबकॅम दाखवतो, पण विचारत काहीच नाही. प्रश्न शिक्षकालाच आणावा लागतो. त्यासाठी कॉर्नेलच्याच 'प्रोजेक्ट फीडरवॉच' या उपक्रमातला एक नियम फार उपयोगी आहे. नोव्हेंबर ते एप्रिल या काळात अमेरिका आणि कॅनडातील सामान्य माणसे आपल्या अंगणातले पक्षी मोजतात. मात्र आलेला प्रत्येक पक्षी मिळवत जायचे नाही. एका जातीचे एकाच वेळी जास्तीत जास्त किती पक्षी दिसले, तेवढाच आकडा लिहायचा. एकच पक्षी दहा वेळा आला तरी तो दहा पक्षी होऊ नये, म्हणून हा नियम.

हा नियम घेऊन आम्ही वर्गाबाहेर पडलो. आपल्याकडची दाण्याची पेटी म्हणजे हुरड्यावर आलेली ज्वारी! मध्य आशिया आणि पूर्व युरोपातून आलेल्या भोरड्यांचा थवा कणसांवर उतरत होता, आणि राखण करणारे आजोबा गोफण फिरवत होते. पाटाकडेला शेपटी हलवत धोबी चालला होता. तोही हिवाळी पाहुणाच. वर्गात कंटाळलेली मुले इथे वाद घालू लागली: थवा एकच की दोन? चाळीस की साठ? गोफण फिरल्यावर उडालेला थवा परतला, तर तो पुन्हा मोजायचा का? नियम कशासाठी असतो, हे त्यांना या वादात पटले.

हे सारे केवळ हौसेचे राहिलेले नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपल्याच तालुक्यात पिंपरखेड-जांबुत भागात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली, त्यांत मुलेही होती. उसाच्या कडेने शाळेत येणाऱ्या मुलांपुढे आज वन्यप्राण्यांची दोन चित्रे आहेत: परदेशी वेबकॅमवरचे गोजिरवाणे, आणि मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींतले भयानक. दोन्ही चौकटीतच कापलेली. बिबट्याची चित्रफीत आली की आम्ही आता मुलांना तेच प्रश्न विचारायला लावतो. ही कुठली? कधीची? मागे पीक कोणते? तेच जनावर तीनदा दाखवून तीन केले आहेत का? भीती खरी आहे, म्हणूनच माहितीही खरी हवी. अफवेने घाबरलेले गाव खऱ्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करू लागते.

आणि कॅमेरा कसा वापरावा याचा उत्तम नमुना परदेशात शोधण्याची गरज नाही. हिवाळ्यात ऊसतोड सुरू झाली की आपल्या जुन्नर वनविभागात उसात बिबट्याची पिल्ले सापडतात. वनखात्याची माणसे आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले पशुवैद्य ती तपासतात. संध्याकाळी पिल्ले सापडल्या जागीच खोक्यात ठेवतात, जवळ कॅमेरा लावतात आणि सगळे दूर होतात. पुष्कळदा रात्री मादी येते, पिल्लू तोंडात धरून उचलते आणि अंधारात जाते. या कॅमेऱ्यामागे एकच प्रश्न असतो: आई आली का? उत्तर मिळाले की त्याचे काम संपते.

शिक्षकमित्रांनी वेबकॅम जरूर वापरावा. इथाकाचे पक्षी संध्याकाळी साडेसहाला मुलांना घरी पाहू द्यावेत. तेव्हा तिथे सकाळचे आठ वाजलेले असतात. पण वहीत आधी तीन रकाने आखून द्यावेत: तिथली वेळ, एका वेळी दिसलेली जास्तीत जास्त संख्या आणि चौकटीबाहेर काय असेल याचा अंदाज. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच वही घेऊन ज्वारीच्या बांधावर जावे.