गाणारणीचं नाव

बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेली ही शेतकरीण काम करता करता गाणी रचायची. मुलगा सोपानदेव स्वतः कवी. त्याने आणि त्याच्या मावसभावाने ती टिपून ठेवली, म्हणून बाईंच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, ती पुस्तकात आली. घरात टिपून घेणारं कोणी नसतं, तर मराठी कविता केवढ्याला मुकली असती!

तापीकाठाने पश्चिमेला सरकलं की नंदुरबार जिल्हा लागतो. इथे शंभरातले जवळपास सत्तर जण आदिवासी. बायका मावची, पावरी, भिलोरी बोलतात आणि त्याच बोलींत लग्नाची, होळीची, पेरणीची गाणी गातात. पण स्त्रीसाहित्याचा आढावा घेणाऱ्या लेखांत या गाण्यांना जागा नसते. अशा आढाव्यांना मी अपुरं म्हणतो.

कारण बाईचा आवाज इथे उशिरा उठलेला नाही. १९७२च्या सुमारास शहादा भागात श्रमिक संघटनेची चळवळ उभी राहिली, तेव्हा भिल बायका गावोगावी दारूची मडकी फोडत फिरल्या. जमीन आणि मजुरी हे चळवळीचे मुद्दे होतेच. नवऱ्याची दारू आणि नवऱ्याचा मार हेही चळवळीचेच प्रश्न, हे या बायकांनी ठणकावून सांगितलं. पुढे याच मातीतून वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा कवितासंग्रह आला. मडकी फोडणाऱ्या बायकांची हकीकत मात्र बहुतेक इतरांनीच लिहिली.

म्हणून नजूबाई गावीत यांची ‘तृष्णा’ ही कादंबरी मला फार मोलाची वाटते. मावची समाजातली, चळवळीत घडलेली ही कार्यकर्ती आपल्या माणसांची भूक आणि राबणूक स्वतः लिहिते. पण लिहिते ती मराठीत.

आपली बोली सोडून दुसऱ्या भाषेत लिहिण्याचं हे ओझं फक्त आपल्याकडचं नाही. १९२६चं नोबेल मिळवणारी ग्रात्सिया देलेद्दा सार्डिनिया बेटावरची. शाळा जेमतेम प्राथमिक. घरात सार्डिनियन बोलली जायची, लिहायची इटालियन तिला कष्टाने कमवावी लागली. आजची इटालियन लेखिका एलेना फेरांते हिच्या कादंबऱ्यांतली माणसं चिडली की नेपल्सच्या बोलीवर येतात. लेखिका तसं सांगते, बोली मात्र क्वचितच छापते. आईची भाषा पानाच्या उंबऱ्यावरच थांबते.

पण देलेद्दाच्या पाठीशी छापखाने होते, वाचक होते. नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावर लग्नात रात्रभर गाणारी बाई त्या क्षणी ओळ जुळवते, नवरीच्या सासरच्यांना चिमटे काढते, नवरीसाठी द्यायच्या देजापासून सवतीपर्यंत सगळं बोलून घेते. पहाट होते आणि ओळी विरून जातात. कोणी उतरवून घेतल्याच, तर खाली ‘लोकगीत’ एवढाच शब्द पडतो. बाईचं नाव गळतं.

नंदुरबारच्या शिक्षक-प्राध्यापकांना आणि मराठी प्रकाशकांना माझी विनंती आहे. ही गाणी डावीकडे मूळ बोलीत, उजवीकडे मराठीत छापा, आणि प्रत्येक गाण्याखाली, तिची संमती घेऊन, गाणारणीचं नाव आणि गाव लिहा.