घडी आणि कड

पेपाकुराचं हेल्मेट सगळ्यात देखणं दिसतं ते शेवटचा तुकडा चिकटवला त्या क्षणी. पांढरंशुभ्र, हलकं, शेकडो सपाट त्रिकोण-चौकोनांचं, आणि प्रत्येक त्रिकोणावर उजेडाची वेगळी छटा. फोटो इथेच निघतो, स्टोरी इथेच पडते. आणि बरीचशी हेल्मेटं इथूनच कपाटावर जाऊन बसतात, ती कायमची. कारण पुढचं काम घाणेरडं आहे. वासाचं, धुळीचं, आणि फोटोत अजिबात न दिसणारं.

मला त्या पुढच्या कामाबद्दल, म्हणजे रेझिन आणि पुट्टीबद्दल लिहायचंय. पण ते कसं करावं यापेक्षा, केलेलं काम आपण बघतो कसं, याबद्दल जास्त. सध्या आपल्याकडे निकष एकच आहे: गुळगुळीत झालंय का? ‘अरे, हे कागदाचं आहे असं वाटतच नाही’ ही सर्वोच्च दाद. माझं भांडण या दादेशी आहे.

आधी हे बघू की या हेल्मेटमध्ये नक्की कोणाचं काय असतं. पेपाकुरा डिझायनर हे जपानी सॉफ्टवेअर एखादं थ्री-डी मॉडेल उलगडून सपाट पानांवर मांडतं. आपण जाड कार्डशीटवर प्रिंट काढतो, कापतो, दुमडतो, आकडे जुळवून चिकटवतो. याला चिकाटी लागते, हात स्थिर लागतो, पण निर्णय एकही लागत नाही. 47 नंबरची कड 47 लाच चिकटते. मॉडेल दुसऱ्याचं, उलगडणी सॉफ्टवेअरची. दहा जणांनी नीट काम केलं तर दहा हेल्मेटं सारखीच होतील. ती वेगळी व्हायला लागतात पुढे.

पहिला फरक रेझिन पाडतं, तोही न विचारता. पॉलिएस्टर रेझिनचा हात मारला की कागद ते पितो, आणि घट्ट होईपर्यंत ते नुसतं ओलं वजन असतं. गाल बाहेर पडतात, मानेचा घेर फाकतो, कपाळ बसतं. म्हणून आतून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचे टेकू द्यायचे, पहिला हात पातळ मारायचा, तो वाळू द्यायचा, मग दुसरा. बाहेरून कडक झालं की आतून फायबरग्लासची मॅट. मुंबईच्या पावसाळ्यात तर कागद आधीच दमट होऊन मऊ पडलेला असतो. माझं पहिलं हेल्मेट जुलैत केलं होतं. त्याचा चेहरा गालगुंड झाल्यासारखा दिसायचा. हार्डनर जास्त पडला तर उलट संकट: रेझिन तापतं, कधी तडकतं.

आणि एक गोष्ट, जी व्हिडिओंमध्ये घाईने उरकली जाते. रेझिनमधून निघणारी स्टायरीनची वाफ एन-95 मास्क अडवत नाही. तो धुळीसाठी. वाफेसाठी सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटरच लागतो, आणि उघडी गच्ची. वन-बीएचकेच्या बाल्कनीत, दार बंद करून, आत घरचे झोपलेले असताना हे करू नये. ‘पॅशन’ म्हणून मिरवलेला मूर्खपणा मी बराच पाहिलाय, थोडा केलाही आहे.

आता पुट्टी. ही मुळात गाड्यांची. ठोकरलेल्या दरवाजाचा खड्डा भरायला गॅरेजवाले वापरतात तीच. हार्डनर मिसळला की काही मिनिटांत घट्ट होते, मग घासायची: 80 नंबरचा पॉलिश पेपर, मग 120, 220, शेवटी 400. शंभर वेळा भरा, शंभर वेळा घासा. आणि याच कामात अशी एक जागा येते जिथे टेम्प्लेट काही सांगत नाही.

हेल्मेटवर दोन प्रकारच्या रेषा असतात. एक घडी आणि एक कड. घडी कागदाची असते: गोल कपाळ सपाट तुकड्यांतून बनवलं म्हणून नाइलाजाने आलेली. कड रूपाची असते: ज्याने ते हेल्मेट कल्पिलं त्याने मुद्दाम ठेवलेली. कच्च्या कागदावर दोन्ही अगदी सारख्या दिसतात. पुट्टीने घडी मारायची आणि कड जगवायची, बस्स, एवढंच काम. पण कुठली रेष कुठल्या जातीची, हे फाइलमध्ये लिहिलेलं नसतं. ते तुम्ही ठरवता.

हेलो या गेममधला मास्टर चीफ घ्या, कारण या छंदातल्या पुष्कळांची सुरुवात त्याच्यापासून झाली. पहिला गेम 2001 चा. त्या काळातलं गेमचं मॉडेल हातचं राखून बनवलेलं असायचं, कारण मशीनला झेपतील तेवढेच त्रिकोण. म्हणजे अशा मॉडेलवरून काढलेल्या टेम्प्लेटमध्ये कागदाच्या आधीच एक तडजोड बसलेली आहे. डोक्याचा घुमट खरं तर गोल हवा, तो पैलूदार आलाय. पण डोळ्यांवर पुढे आलेली झापड धारदारच हवी, आणि जबड्याच्या बाजूचे तिरके छाटही. घुमट गोल करणारा हात त्याच ओघात झापडीवरून फिरला, की संपलं. सैनिकाचा करारीपणा जातो आणि उरतो तो पाण्यात विसरलेला साबण.

असे साबण मी खूप पाहिलेत. गुळगुळीत असतात. रंग झकास असतो. लोक फोटोही काढतात. पण पाच पावलं मागे गेलं की चेहरा विरघळतो, कारण लांबून चेहरा वाचला जातो तो कडांच्या सावल्यांवरून, आणि कडाच राहिलेल्या नसतात. याउलट एखाद्या शाळकरी पोराचं हेल्मेट असतं, मागच्या बाजूला चार घड्या स्पष्ट दिसतायत, पण कपाळापासून जबड्यापर्यंतच्या मुख्य कडा त्याने जिवापाड सांभाळल्यात. मला ते हेल्मेट जास्त चांगलं वाटतं. नुसतं ‘लहान मुलाने केलंय’ म्हणून नाही. त्याला त्या आकारातलं काय महत्त्वाचं आहे ते कळलंय म्हणून.

मराठीत टीका म्हणजे दोषदर्शन आणि टीका म्हणजे भाष्यही. पुट्टी ही दुसऱ्या अर्थाने टीका आहे. मूळ मजकूर तुटक आहे, मधल्या जागा तुम्ही भरताय, आणि भरताना म्हणताय की याला असं म्हणायचं होतं.

आयर्न मॅनच्या बाबतीत हे भाष्य वेगळं होतं. 2008 च्या सिनेमात टोनी स्टार्क आपल्या सूटला लाल रंग देतो तो हॉट रॉड गाडीवरून सुचून. ते चिलखत गाडीच्या बॉडीसारखं बघायचं असतं: सपाट वाटणारे भागही किंचित फुगीर, बॉनेटसारखे. इथे प्रत्येक तुकडा तंतोतंत सपाट घासणारा माणूस मेहनत करूनही चुकतो, कारण सपाट पत्र्यावर चमकदार रंग मेल्यासारखा दिसतो. हे ज्याला शिकायचं असेल त्याने ट्युटोरियल बंद करून डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात तासभर उभं राहावं. तिथला माणूस डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही. तळवा फिरवतो, आणि हाताला उंचवटा लागला की तिथेच ठोकळ्यावर पेपर गुंडाळून घासतो. बोटांनी घासत नाही, बोटांनी खाचा पडतात. कड जपायची असेल तर तिच्यालगत चिकटपट्टी लावून एक बाजू पूर्ण करतो, मग पट्टी काढून दुसरी. शेवटी काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारून पुन्हा हलकं घासतो: काळं जिथे उरलं तिथे खड्डा. स्वतःच्या कामाची इतकी निर्दय परीक्षा लिहिणाऱ्यांनीही घ्यायला हरकत नाही.

आणि सममितीचं काय? कॉम्प्युटरवरचं मॉडेल बहुतेक वेळा अर्धं बनवून आरशासारखं उलटवलेलं असतं. पण स्टार वॉर्समधला डार्थ व्हेडरचा मुखवटा ब्रायन म्युर या शिल्पकाराने हाताने घडवलेला होता, आणि त्याची डावी-उजवी बाजू हुबेहूब जुळत नाही. त्यामुळे कट्टर चाहते पुट्टी वापरून एका बाजूला मुद्दाम थोडा फरक आणतात. चूक म्हणून जे आपण घासून काढू, ते तिथे अस्सलपणाची खूण आहे.

त्याच सिनेमातल्या स्टॉर्मट्रूपरच्या हेल्मेटवरून ब्रिटनमध्ये खटला झाला होता, लुकासफिल्म विरुद्ध अँड्र्यू एन्सवर्थ. 2011 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की कॉपीराइट कायद्याच्या अर्थाने ते हेल्मेट ‘शिल्प’ नाही. कलाकृती सिनेमा आहे, हेल्मेट हे तो बनवतानाचं एक उपयोगी साधन. कायद्याचं मला कळत नाही, पण हा युक्तिवाद आमच्या गच्चीवर आणला की गंमत होते. इथे सिनेमाच नाही. हेल्मेट कशाचंच साधन नाही, वर्षातून एकदा कॉमिक कॉनला घालायचं, तेही अर्ध्या तासात गरम होतं म्हणून काढून काखेत मारायचं. मग ते काय आहे?

आता थ्री-डी प्रिंटर आलेत, स्वस्त झालेत, आणि पेपाकुरा म्हणजे गरिबाचा जुगाड असं बोललं जातं. प्रिंट जास्त अचूक असते, यात वाद नाही. तिलाही पुट्टी लागते, पण ती थरांच्या बारीक रेषा बुजवायला. गोलाई फाइलमध्ये आधीच ठरलेली असते. तिथे चुकायची जागा कमी, आणि मत द्यायचीही. मला प्रिंटेड हेल्मेटसमोर उभं राहून बनवणाऱ्याशी भांडावंसं वाटत नाही. कागदाच्या हेल्मेटसमोर वाटतं: ही रेष का मारलीस रे?

माझं दुसरं हेल्मेट सध्या प्रायमरवर आहे. डाव्या गालावर एक रेष आहे जी मी तीनदा भरली आणि तीनदा घासून परत काढली. अजून ठरलेलं नाही की ती घडी आहे की कड. उजेड तिरपा असला की कड वाटते.