थडगे असलेल्या आणि नसलेल्या : तिपाझा-शेरशेल परिसराची दोन वाचने

अल्जियर्सहून भूमध्य समुद्राच्या काठाने पश्चिमेस सुमारे 70 किलोमीटर गेल्यावर तिपाझा हे लहान गाव लागते. गावाला लागूनच रोमन वसाहतीचे अवशेष आहेत. अलीकडे एका टेकडीवर मॉरेतानियाच्या राजघराण्याची प्रचंड वर्तुळाकार समाधी आहे आणि शनुआ डोंगराच्या पलीकडे शेरशेल, म्हणजेच राजा दुसरा जुबा याची राजधानी सीझरिया. तिपाझाचे अवशेष आणि ही समाधी 1982 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली. हा टापू आल्बेर काम्यू आणि आसिया जेबार या दोघांनी फ्रेंच भाषेत लिहिला; परंतु दोघांची वाचने एकमेकांपासून फार दूरची आहेत. प्रस्तुत लेखापुढील प्रश्न मर्यादित आहे. अवशेषांना दिलेली भेट साहित्यकृतीचे रूप घेते, तेव्हा त्या भेटीत कोणत्या मृतांची विचारपूस होते आणि कोणाची राहून जाते?

काम्यूचा तिपाझावरील पहिला निबंध 1930 च्या दशकातील, त्याच्या ऐन तारुण्यातील आहे. त्यात गाव आरंभी येते ते ओलांडण्यापुरते. निवेदकाची ओढ पलीकडच्या दगडांकडे, रानवनस्पतींच्या उग्र गंधाकडे आणि समुद्रस्नानाकडे असते. त्या निबंधाचे मध्यवर्ती आशयसूत्र असे, की माणसाने घडवलेले अवशेष आता पुन्हा निसर्गाचे झाले आहेत. त्यांच्यावरचा मानवी संस्कार ओसरून ते केवळ दगड उरले आहेत. देहाच्या आनंदाचे इतके निर्भय गद्य विसाव्या शतकात विरळाच आढळेल. मात्र या आनंदाला एक पूर्वअट आहे. दगड केवळ दगड व्हायचे, तर ते कोणी रचले, तेथे कोण राहिले आणि कोण मारले गेले, हे प्रश्न आधी बाजूला सारावे लागतात.

ही पूर्वअट एका ठिकाणी विशेष स्पष्ट दिसते. निवेदक संत साल्साच्या बॅसिलिकेपर्यंत जातो. वास्तू ख्रिस्ती असली, तरी तिच्या प्रत्येक झरोक्यातून बाहेरच्या सृष्टीचेच संगीत आत येते, असा त्याचा अनुभव आहे. साल्सा कोण, हे तो सांगत नाही. ख्रिस्ती परंपरेतील आख्यायिकेनुसार ती तिपाझाचीच एक किशोरी. तिने गावातील सर्पमूर्ती समुद्रात फेकली, म्हणून संतप्त जमावाने तिला ठार करून तिचा देहही समुद्रात टाकला. पुढे एका परदेशी खलाशाला तो देह सापडला आणि त्याचे दफन झाले. ज्या समुद्रात काम्यूचा निवेदक देहाचा उत्सव साजरा करतो, तोच समुद्र आख्यायिकेत एका मुलीच्या देहाचे थडगे होऊ पाहतो. निबंधाने ही कथा वगळणे ही अनवधानाने राहिलेली उणीव नव्हे. तिच्यासह तो निबंध त्या रूपात उभाच राहिला नसता.

यावरून काम्यूला स्थानिकांविषयी अनास्था होती, असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. 1939 मध्ये ‘आल्जे रेपुब्लिकें’ या वृत्तपत्रासाठी त्यानेच कबिलियातील उपासमारीचा वृत्तांत लिहिला होता. वृत्तांतात ज्यांना जागा मिळते, त्यांना ललित निबंधात ती मिळत नाही. म्हणून प्रश्न व्यक्तीइतकाच वाङ्मयप्रकाराचाही आहे. 1954 च्या संग्रहातील ‘तिपाझाला परतताना’ या निबंधात तरुणपणी मुक्त असलेल्या अवशेषांभोवती काटेरी तारा आल्या आहेत. युद्धोत्तर काळाची जाणीव त्या तारांतून निबंधात शिरते. तरीही इतिहास येथे येतो तो निवेदकाच्या मार्गातील अडथळा म्हणून. तारांच्या अलीकडे राहणाऱ्या माणसांचा इतिहास म्हणून नव्हे.

आसिया जेबार यांचा जन्म 1936 मध्ये शेरशेल येथे झाला. शनुआच्या परिसरातील स्त्रियांच्या स्मृतींवर त्यांनी 1970 च्या दशकात एक चित्रपट केला. त्याला 1979 मध्ये व्हेनिस महोत्सवात आंतरराष्ट्रीय समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. त्या चित्रपटाची अर्पणपत्रिका दोघांच्या नावे आहे : संगीतकार बेला बार्तोक आणि झुलिखा. बार्तोक 1913 मध्ये लोकसंगीताच्या संकलनासाठी अल्जीरियात आला होता. झुलिखा ही शेरशेलमधील स्वातंत्र्यलढ्याचे जाळे सांभाळणारी स्त्री. 1957 मध्ये फ्रेंच सैन्याने तिला पकडले आणि नाहीशी केली. तिच्यावरची जेबार यांची कादंबरी 2002 मध्ये आली. तिच्या शीर्षकाचाच अर्थ ‘थडगे नसलेली स्त्री’ असा आहे.

या कादंबरीतही एक भेट आहे आणि प्राचीन अवशेषही आहेत. निवेदिका शेरशेलच्या संग्रहालयात युलिसिस आणि पक्षीदेह असलेल्या गायिकांचे मोझेक पाहते. होमरच्या काव्यातील युलिसिस स्वतःला डोलकाठीला बांधून घेतो, गाणे ऐकतो आणि पुढे निघून जातो. अवशेषांच्या पर्यटकाची याहून नेमकी प्रतिमा शोधणे कठीण. जेबार यांची निवेदिका मात्र थांबते. झुलिखाच्या मुली आणि शेजारणी बोलतात, ती ऐकते. मोझेकमधील गायिका आणि अंगणात बोलणाऱ्या स्त्रिया यांच्यात जो दुवा तयार होतो, त्यामुळे प्राचीन अवशेष आणि हयात गाव यांतील कुंपण गळून पडते.

कादंबरी या निवेदिकेला कधी ‘भेटीस आलेली’, कधी ‘पाहुणी’, तर कधी ‘तशी परकी नसलेली परकी’ म्हणते. मराठी अभ्यासकाला येथे ‘माहेरवाशीण’ हा शब्द आठवणे स्वाभाविक आहे. आपल्याच घरी पाहुणी होणाऱ्या स्त्रीसाठी मराठीजवळ एक पूर्ण शब्द आहे. मात्र माहेरवाशिणीचे येणे रूढीने ठरलेले असते, तर या निवेदिकेच्या येण्याला फार उशीर झालेला आहे. चित्रपट आणि कादंबरी यांच्यात सुमारे पाव शतकाचे अंतर आहे. शिवाय गावातल्या स्त्रियांचे बोल तिला फ्रेंचमध्ये, म्हणजे झुलिखाला नाहीशी करणाऱ्यांच्या भाषेत, उतरवावे लागतात. मूळचा न्युमिडियन आणि रोमच्या कृपेने राजा झालेला जुबादेखील ग्रीकमध्ये लिहीत असे. परभाषेत लिहिणे ही या नगराची जुनी रीत आहे. त्या ग्रंथांचे केवळ अवतरणांपुरते तुकडे उरले, हीही तिचीच दुसरी बाजू.

टेकडीवरील समाधी परंपरेने जुबा आणि त्याची राणी क्लिओपात्रा सेलेने यांची मानली जाते. आत मात्र देह सापडले नाहीत. अरबी लोकव्यवहारात ती ‘रूमी स्त्रीची कबर’ आहे. ‘रूमी’ या शब्दात रोमन, बायझंटाइन आणि ख्रिस्ती असे तिन्ही अर्थ मिसळलेले असताना फ्रेंचांनी त्यातला शेवटचा तेवढा उचलून तिला ‘ख्रिस्ती स्त्रीचे थडगे’ केले. येथे थडगे आहे, पण देह नाही. साल्साला समुद्रातून परत येऊन थडगे मिळाले. कादंबरीतल्या झुलिखाला मात्र ते नाही.

या तिघी शेजारी उभ्या केल्या, की काम्यू आणि जेबार यांची तुलना ‘वसाहतवादी’ विरुद्ध ‘वसाहतोत्तर’ अशा ठोकळ जोडीत बसत नाही. तुलनेचा तिसरा घटक म्हणून ते स्थळच समोर येते. त्याची आख्यायिका, त्याच्या नावांची भाषांतरे आणि त्यातील रिकाम्या जागा यांच्याशी ताडून दोन्ही संहिता वाचाव्या लागतात. तसे केल्यास काम्यूच्या गद्याचे सौंदर्य उणावत नाही. त्या सौंदर्यासाठी कोणाला अबोल राहावे लागले, एवढे कळते. प्रवासलेखनाच्या समीक्षेत आपण बहुधा लेखकाने काय पाहिले, हे मोजतो. त्याने कोणाच्या दाराशी थांबायचे टाळले, हेही मोजणे अगत्याचे आहे.